आठव्या महिन्यातलं नॉर्मल रक्त

धुळ्याच्या देवपुरात माझी लॅब होती तेव्हा माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जायच्या. एक, ताईंचा हात हलका आहे, सुई टोचलेली कळत नाही. दुसरी, ताई फार बोलतात. दोन्ही खऱ्या. हात हलका व्हावा म्हणून मी मेहनत घेतली, बोलणं मात्र उपजत. पण समोर गर्भार बाई बसली की माझं तोंड जरा जास्तच सुटायचं. त्याला एक कारण आहे आणि ते मी इतकी वर्षं कुणाला धड सांगितलेलं नाही. आता लॅब आवरून घरी बसलेय, तेव्हा सांगून टाकते.

आधी धुळ्यातलाच एक मासला. नव्वदीची सुरुवात असेल. कोलेस्टेरॉल हा शब्द तेव्हा नुकताच वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला होता आणि शिकलेल्या माणसांनी त्याची धास्ती घेतली होती. कॉलेजात शिकवणारे एक सर बायकोला घेऊन आले, तिला आठवा महिना. सरांनी कुणाला न विचारता कुठल्याशा लॅबमध्ये तिच्या रक्तातली चरबी तपासून घेतली होती. आकडा कागदावर छापलेल्या मर्यादेच्या बराच वर होता. झालं, सरांनी घरातलं तेल-तूप बंद केलं आणि महिन्याभराने फेरतपासणीला माझ्याकडे आणलं. बरोबर त्यांची आई होती. ती दारातूनच अहिराणीत सुरू झाली, सगळं उकडलेलंच खायला घालतो म्हणून.

"बठ्ठं उकडेल खावाडस तिले. तेलना थेंब बी नही. तूच सांग याले काही."

मी सरांना विचारलं, "हा मर्यादेचा आकडा कुणासाठी छापलाय?"

"म्हणजे काय? माणसांसाठी."

"तुमच्या-माझ्यासारख्या माणसांसाठी, सर. हिच्या पोटात अजून एक जीव आहे, तो या कागदाला माहीत नाही. आठव्या महिन्यात रक्तातली चरबी चढतेच, चढायलाच पाहिजे. पोर त्यावर बाळसं धरतं. हिला आज वरणावर तूप वाढा. माझ्यावर विश्वास नसेल तर डॉक्टरांना विचारा, पण आजच विचारा."

सरांचा चेहरा पडला, म्हातारी खूश झाली. डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितलं, फक्त जरा गोड शब्दांत. लॅबवाल्या बाईने एवढं बोलावं का, असं पुष्कळांना वाटायचं. मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. जळगावला असताना माझ्या हातून एक चूक झाली, तिने शिकवलं.

माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होते. आमच्या बौद्ध वस्तीत डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, झालेली मी पहिली मुलगी. ऐंशीच्या मधल्या वर्षांत जळगावच्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी पेढे वाटले आणि पोरगी डॉक्टर झाली असं आई वस्तीभर सांगत सुटली. मी डॉक्टर नाही, रक्त तपासणारी आहे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

प्रसूतिगृहाची लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. एक सेंट्रिफ्यूज, एक कलरीमीटर, उकळून घ्यायच्या काचेच्या सिरिंजा आणि मी. आमचं काम तसं सोपं. रक्त नळीत घ्यायचं, थोडा वेळ उभं ठेवायचं, मग मशीनमध्ये गरगरा फिरवायचं. लाल भाग खाली बसतो आणि वर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. या पाण्याचा रंगच निम्मं सांगून टाकतो. हळदीसारखं पिवळं दिसलं की कावीळ. गुलाबी दिसलं की रक्त काढताना माझाच हात चुकला. पेजेसारखं पांढुरकं दिसलं की चरबी. आणि तांदळाच्या वरच्या निवळीसारखं स्वच्छ निघालं की आम्हा लॅबवाल्यांचा जीव सुखावतो. त्यातून उजेड सरळ पार जातो, कलरीमीटरचा काटा डळमळत नाही, आकडा एका फटक्यात मिळतो. गढूळ नळी म्हणजे डोकेदुखी, सगळं पुन्हा करा.

आमच्या मॅडमना, म्हणजे प्रसूतिगृहाच्या मुख्य डॉक्टरांना, एक नाद होता. आपल्याकडची बाळं एवढीशी का जन्मतात, हे त्यांना शोधायचं होतं. सगळे डॉक्टर आईचं हिमोग्लोबिन बघतात, मॅडम म्हणायच्या, चरबीही बघून ठेवू. त्यासाठी त्यांनी एक जाड वही घातली होती. आईचं नाव, कितवा महिना, रक्तातल्या चरबीचा आकडा, आणि शेवटचा रकाना रिकामा. तो बाळ जन्मल्यावर भरायचा, वजनाने. आठवा महिना लागलेल्या बायकांचं रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायचं काम माझ्याकडे.

आता गर्भार सुनेला घरातून अन्नाच्या कणाशिवाय बाहेर पाठवायचं, हे आपल्या सासवांच्या गळी उतरवून बघा. रावेरकडची एक केळीच्या बागा असलेल्या घरची सासू मला आठवते. सुनेची नळी फिरवून बाहेर काढली तर पांढरीफेक. मी विचारलं, "सकाळी काय दिलंत?" "काही नही." "काहीच नाही?" "नही म्हंतलं ना. नुसतं पेलाभर दूध, आन त्यात तूप." मी म्हटलं, आजी, मग हे काय आहे? तर मलाच उलट विचारते, "ते काय जेवन हाये?" दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तेव्हा तूप नव्हतं, नुसतं दूध होतं. तिसऱ्या दिवशी मी सुनेलाच आदल्या संध्याकाळी वॉर्डात ठेवून घेतलं.

अशा दहा-वीस जणी पकडल्यावर माझी कॉलर ताठ झाली. नळी उजेडात धरायची आणि म्हणायचं, सकाळी चहा घेतलाय, साय घातलेला. बायका तोंडावर पदर घ्यायच्या. या लॅबवालीपासून काही लपत नाही, असा माझा लौकिक झाला, आणि मी तो शेखी मिरवत वापरत होते.

कल्पना आली ती त्याच दिवसांत. जामनेरच्या अलीकडच्या एका गावातली, कापूस-केळीवाल्या घरातली सून. वीस-एकवीस वर्षांची, मान खाली, बोलणं नाही. बोलायचं काम सासूकडे. सासूला सगळे अक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागले. ताठ कण्याची, स्वच्छ नऊवारीतली बाई. सुनेला हाताला धरून आणलं, बसायच्या आधी बाकडं पदराने पुसलं. कल्पनाचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी घरी जन्मताना गेलं होतं, एवढं कागदावर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

"काही खाल्लं नाही ना सकाळी?"

"पान्याचा घोट बी नही," अक्का म्हणाल्या.

खरंच नव्हतं खाल्लेलं. दंड बारीक, त्यामुळे शीर लगेच हाताला लागली, सुई टोचताक्षणी रक्त आलं. मला बरंच वाटलं. नळी फिरवून काढली तर सीरम असं निवळ की पलीकडची अक्षरं वाचता यावीत. तपासणीच्या रसायनांच्या किटबरोबर आलेल्या कागदावरच्या मर्यादेत आकडा चपखल बसला, तोही खालच्या बाजूला. सकाळपासून तीन गढूळ नळ्यांनी माझं डोकं उठवलं होतं. ही नळी पाहून मी खूश झाले. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं, आणि एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? माझ्या तोंडाला कुठलं कुलूप. नळी अक्कांच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "अक्का, एवढं स्वच्छ रक्त मी या महिन्यात बघितलं नाही. सुनेची काळजी घ्यावी ती तुमच्यासारखी. असंच चालू द्या."

अक्कांना किती आनंद झाला, काय सांगू. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मॅडम त्या वेळी आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, त्यांच्या जागी आलेले डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. अक्का म्हणाल्या, बठ्ठं नॉर्मल हाये तं कशाले थांबू, मॅडम आल्यावर येऊ. आणि सुनेला घेऊन एसटी पकडायला निघून गेल्या.

मॅडम तीन आठवड्यांनी परतल्या. वही उघडून एकेक नाव वाचताना कल्पनाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"शोभा, ही कुठे आहे?"

"घरी. नॉर्मल आहे ती."

"नॉर्मल कुणाचं? तुझं की माझं?" मॅडम आवाज कधी चढवत नसत. "वरच्या पंधरा नावांचे आकडे बघ. सगळ्यांची चरबी चढलेली. मग हिचीच का चढली नाही? पोट केवढं होतं?"

मला पोट आठवेना. मी दंड बघते, शीर बघते. पोट बघणं माझं काम नाही, असंच मी धरून चालले होते. दंड मात्र आठवला. मी मॅडमना सांगितलं, दंड काडीसारखा होता. मग अक्कांना काय बोलले होते तेही सांगितलं, कारण न सांगता राहवेना. मॅडमनी वही मिटली. "एकट्या चरबीवर बाळाचं वजन ठरत नाही," त्या म्हणाल्या, "आईची उंची, साखर, रक्त, सगळंच बघावं लागतं. पण आठव्या महिन्यात इतकं निवळ रक्त म्हणजे ती पोरगी जेवत नाहीये. आणि आपण तिला शाबासकी दिली." त्या आपण म्हणाल्या. शाबासकी मी दिली होती.

रविवारी मी जामनेरची एसटी धरली. मॅडम माणूस पाठवणार होत्या, मी म्हटलं, बोलले मी, निस्तरायलाही मीच जाईन. फाट्यावर उतरून गावात चालत गेले. अक्कांनी ओळखलं, ओसरीवर बसवलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. पाण्याचा तांब्या यायला जरा वेळ लागला, पण आला. कल्पना आतल्या दाराशी उभी राहिली. या वेळी मी पोट बघितलं. नववा लागायला आलेला आणि पोट सहाव्यासारखं.

"अक्का, ही काय जेवते?"

"अर्धी भाकर सकायी, अर्धी रात्री. सातवा लागल्यापासून," अक्का अभिमानाने म्हणाल्या. "दूध बंद, तूप बंद, केयं बंद. मी सोता वाढते."

"का?"

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की एवढं कसं समजत नाही हिला. "पह्यलं पोरगं केवढं व्हतं तुले माहीत हाये का? दोन दिवस अटकलं व्हतं. सुईन थकली, बैलगाडी जुपली, रस्त्यातच खेय संपला. मह्या हातानं उचललं मी ते. भरलेलं, गोरं, डोक्यावर जावळ. हिले दूध-तूप मीच खाऊ घातलं व्हतं. मीच त्याले मोठं केलं आन मीच अटकवलं. आता बारीक राहू दे. पन जितं येऊ दे."

सासू सुनेला उपाशी ठेवते म्हटल्यावर मी येताना वाटेत काय काय शब्द जुळवले होते. ही बाई तर नातू वाचवायला निघाली होती, तिच्या परीने अगदी नेमाने. आणि तिच्या मनात थोडीफार जी शंका असेल ती मी नळी दाखवून पुसून टाकली होती.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हटलं. "मी जे स्वच्छ म्हणाले ते चांगलं नव्हतं. या दिवसांत रक्त तसं असायला नको. बाळाला काही पोचत नाहीये. बाळ अडलं तर मॅडम पोट उघडून काढतील, ते त्यांचं काम. पण पोटात वाढलंच नाही तर त्या तरी काय करतील?"

"तूच तं म्हनली व्हती, असंच चालू द्या. मी चालू देलं. आता म्हनते चुकलं. उद्या आनखी कोनी येईन, ते तिसरं सांगीन." अक्का उठल्या आणि आतून एक चिनी मातीची बरणी दोन्ही हातांनी उचलून आणली. झाकण काढलं. काठोकाठ तूप. "मी काय हिची वैरीन हाये? हे पाहाय. घरच्या म्हशीचं. चार महिने झाले जमवू राह्यली, हिच्या बायंतपनासाठी. एकदा मोकयी झाली की बठ्ठं हिलेच."

मी हात टेकले. त्या बरणीपुढे माझं सगळं डीएमएलटी थिटं पडलं. तेवढ्यात दाराशी आवाज झाला. कल्पना बोलत होती. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"अक्का, मले भूक लागते."

ती अक्कांकडे बघत नव्हती, बरणीकडे बघत होती. अक्कांनी झाकण हातातच धरलं. "मंग बोलली काहून नही?" त्यांनी हळू विचारलं.

"तुमी पोरासाठी करू राह्यल्या व्हत्या."

अक्कांनी झाकण लावलं, बरणी आत ठेवून आल्या आणि मला म्हणाल्या, "उद्याच्या पह्यल्या गाडीनं आनते. पन पोरगं अटकलं तं मी तुलेच विचारीन." मी म्हटलं, मलाच विचारा. परतीच्या एसटीत मी एकच हिशेब करत होते. बाळ लहान म्हणून गेलं काय किंवा अडकून गेलं काय, दोन्हीकडून अक्का मलाच विचारणार होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

कल्पना पुढचे तीन आठवडे वॉर्डात राहिली. मॅडमनी तिला उगाच डोंगरभर खायला घातलं नाही. उपाशी पोटाला हळूहळू सवय लावत नेलं. हॉस्पिटलचं जेवण, दुपारी माझ्या डब्यातली अंडी नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. मॅडम रोज तिचं पोट मोजायच्या तेव्हा मी त्यांच्या मागे उभी राहायचे, जिन्याखालची खोली सोडून. पंधरा दिवसांनी रक्त घेतलं. नळी किंचित धुरकट निघाली. आयुष्यात गढूळ नळी बघून आनंद झालेली मी पहिलीच लॅबवाली असेन. मॅडमना सांगून त्या आठवड्यात मी एक काम केलं. गर्भार बायकांच्या रिपोर्टवरची छापील मर्यादा खोडून टाकायला सुरुवात केली, आणि नॉर्मल हा शब्द त्यावर लिहिणं सोडून दिलं. आकडा लिहायचा, बाकी मॅडम सांगतील. पुढे देवपुरातही मी तेच केलं. लोक कुरकुरले तरी मी बधले नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

कल्पनाला मुलगी झाली. अडलं नाही, कापावंही लागलं नाही. रडली, पण बारीक आवाजात. काट्यावर घातली तेव्हा एक किलो नऊशे भरली. मी विश्वास न बसून दोनदा घातली. मॅडम म्हणाल्या, जगेल, ऊब द्या, अंगावर पाजा. ते आधीचे तीन आठवडे हातचे गेले नसते तर काटा कुठवर गेला असता, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि शेवटच्या रकान्यात वजन लिहायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. कापडात बांधलेली ती बरणी घेऊन, एसटीत मांडीवर धरून आणलेली. मी वॉर्डातच होते. त्यांनी ताटात बाजरीची भाकरी कुस्करली, गूळ घातला, वर तूप ओतलं, ते ताटाच्या काठाला लागेपर्यंत. ताट सुनेच्या हातात दिलं आणि नात मांडीवर घेऊन बसल्या. कल्पना घास घेऊ लागली, भराभरा, मान वर न करता. ताट बरोबर निम्मं झालं आणि ती थांबली. उरलेलं बोटाने एका बाजूला सारलं आणि ताट अक्कांकडे सरकवलं.

"काहून?" अक्का म्हणाल्या. "चांगलं नही झालं?"

"चांगलं हाये," ती म्हणाली. "अर्धं झालं ना."

अक्कांनी नात माझ्या हातात दिली. पलंगाच्या कडेला बसल्या, ताट ओढून घेतलं आणि आपल्या हाताने घास करून तिच्या तोंडाशी नेला. "बठ्ठं तुहंच हाये, माय. खाय." तूप त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. अक्का रडत होत्या, ती एवढीशी पोर छातीशी धरून मीही रडत होते. कल्पना खात होती.